स्ट्रीमिंग वापरताना स्वतःचा संगीतसंग्रह शाबूत कसा ठेवावा

सीडी, कॅसेट किंवा विकत घेतलेले डाउनलोड यांतून वर्षानुवर्षे जमवलेल्या गाण्यांच्या फाइल्स ज्यांच्या संगणकावर आहेत, त्यांनी एखादी स्ट्रीमिंग सेवा घेतली की आपली गाणी आणि कंपनीची गाणी एकाच ॲपमध्ये, एकाच यादीत, एकसारखी दिसू लागतात. ही सोय खरीच मोठी आहे. पण यादीतले कोणते गाणे आपल्या डिस्कवर आहे आणि कोणते केवळ वर्गणी चालू आहे तोवर ऐकायला मिळणारे आहे, हे नुसते पाहून कळत नाही, आणि बहुतेक नुकसान या गल्लतीतूनच होते. या लेखात मुख्यतः ॲपल म्युझिकचा विचार केला आहे, कारण स्वतःच्या फाइल्स आणि भाड्याची गाणी यांची सरमिसळ तिथे सर्वांत अधिक होते. यूट्यूब म्युझिक आणि स्पॉटिफाय यांच्याविषयी शेवटाकडे लिहिले आहे.

पुढच्या सगळ्या पायऱ्यांमागे एकच नियम आहे: मूळ फाइल्स जिथे ठेवल्या असतील, तिथे कोणत्याही स्ट्रीमिंग ॲपला काही लिहिण्याची किंवा पुसण्याची मुभा असता कामा नये.

‘सिंक लायब्ररी’ चालू केल्यावर काय घडते

ॲपल म्युझिक जून २०१५ मध्ये भारतासह अनेक देशांत सुरू झाले. आज ज्या सोयीला ‘सिंक लायब्ररी’ म्हणतात तिचे नाव तेव्हा ‘आयक्लाउड म्युझिक लायब्ररी’ असे होते. ही सोय चालू केली की ॲप आपल्या संगणकावरचे प्रत्येक गाणे कंपनीच्या भांडारातल्या गाण्यांशी ताडून पाहते. जुळणारे गाणे सापडले तर आपली फाइल वर चढवली (अपलोड केली) जात नाही. इतर उपकरणांवर भांडारातली प्रत मिळते. जुळणारे काही सापडले नाही तरच आपली फाइल वर जाते. वर जाणारी फाइल वेव्ह, एआयएफएफ किंवा ॲपल लॉसलेस अशा, ध्वनीचा कणही न गमावणाऱ्या (लॉसलेस) प्रकारची असेल, तर तिची २५६ केबीपीएसची (सेकंदाला २५६ हजार बिट) एएसी प्रत, म्हणजे थोडा ध्वनी गमावलेली लहान फाइल, तयार होते आणि ती प्रत चढते. मूळ फाइल संगणकावर जशीच्या तशी राहते. मात्र पुढे कधी जागा मोकळी करण्यासाठी आपण संगणकावरचे डाउनलोड काढून टाकले आणि नंतर पुन्हा उतरवून घेतले, तर हाती येते ती २५६ केबीपीएसची प्रत. लॉसलेस फाइल गेल्याचा कोणताही इशारा त्या वेळी मिळत नाही, कारण ॲपच्या दृष्टीने गाणे जागेवरच असते.

आरंभीच्या काळात हे ताडून पाहणे मुख्यतः गाण्याचे नाव, गायक, अल्बम अशा माहितीवर चालत असे. त्यामुळे मैफलीतल्या ध्वनिमुद्रणाच्या जागी स्टुडिओतले ध्वनिमुद्रण येण्याचे प्रकार घडले, आणि जुळवून मिळालेल्या प्रतीवर कुलूपही (डीआरएम, म्हणजे फाइल दुसऱ्या प्लेअरवर चालू न देणारे तांत्रिक बंधन) असे. २०१६ च्या उन्हाळ्यात कंपनीने प्रत्यक्ष ध्वनीच्या ठशावरून जुळवणी सुरू केली आणि अशा प्रतींवरचे कुलूपही निघाले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात अमेरिकेतल्या एका संगीतकाराने आपल्या संगणकावरच्या १२२ जीबी फाइल्स नाहीशा झाल्याची जाहीर तक्रार केली होती. कंपनीला तो दोष स्वतः पुन्हा घडवून पाहता आला नाही, तरी आयट्यून्सच्या (ॲपलच्या संगणकावरच्या गाण्यांच्या ॲपच्या) १२.४ या आवृत्तीत तिने जादा खबरदारी घातली. दोष नेमका कुठे होता यावर तेव्हा पुष्कळ वाद झाला. आपल्या दृष्टीने त्यातला कामाचा भाग एवढाच की त्या संगीतकाराकडे बॅकअप होता आणि म्हणून त्याच्या फाइल्स परत आल्या.

शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्याने इथे थोडे अधिक सावध असावे. एकाच गायकाचा पूरिया धनाश्री वेगवेगळ्या काळांत अनेकदा ध्वनिमुद्रित झालेला असतो. राग तोच, बंदिश तीच, गायकाचे नाव तेच, लांबीही जवळपास सारखी. ध्वनीच्या ठशामुळे यांतला गोंधळ कमी झाला आहे. तरीही एकाच ध्वनिमुद्रणाची जुनी सीडी आणि नंतर ‘रीमास्टर’ करून काढलेली आवृत्ती यांत ॲपला फरक वाटेलच असे नाही. ज्यांना जुन्या आवृत्तीतला तंबोरा अधिक मोकळा वाटतो, त्यांनी ती फाइल जुळवणीच्या भरवशावर सोडू नये.

सेवेच्या मर्यादाही आधीच ठाऊक असाव्यात. एका खात्यात जास्तीत जास्त एक लाख गाणी मावतात. २०० एमबीपेक्षा मोठी किंवा दोन तासांहून लांब फाइल वर चढत नाही. ३२० केबीपीएसच्या एमपी३ ला मिनिटाला सुमारे २.४ एमबी लागतात. म्हणजे दीड तासाची सलग मैफल एका फाइलमध्ये ठेवली असेल तर ती २१६ एमबीची होते आणि बाहेर राहते. दुसऱ्या टोकाला, ९६ केबीपीएसहून कमी दर्जाच्या फाइल्सही घेतल्या जात नाहीत. पूर्वी जागा वाचवण्यासाठी ६४ केबीपीएसवर उतरवलेल्या कॅसेट यात अडकतात. परिणाम असा की बाजारात सहज मिळणारी चित्रपटगीते ढगात (क्लाउडमध्ये, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरवर) सुरक्षित बसतात, आणि आकाशवाणीवरून टेप केलेले नाट्यसंगीत, गावच्या भजनी मंडळाचा हरिपाठ किंवा घरगुती बैठकीची टेप मात्र केवळ आपल्या डिस्कवर उरते. जे पुन्हा कुठेच मिळणार नाही, त्याचीच राखण ही सेवा करत नाही.

पहिली पायरी: आपले काय आहे ते वेगळे काढणे

मॅकवरच्या म्युझिक ॲपमध्ये किंवा विंडोजवरच्या आयट्यून्समध्ये गाण्यांची संपूर्ण यादी उघडावी आणि दृश्याच्या पर्यायांतून ‘काइंड’, ‘क्लाउड स्टेटस’ आणि ‘बिट रेट’ हे तीन रकाने चालू करावेत. ‘काइंड’ या रकान्यात ‘एमपेग ऑडिओ फाइल’ किंवा ‘ॲपल लॉसलेस’ दिसले तर ती बहुधा आपणच तयार केलेली वा इतरत्र घेतलेली फाइल असते. ‘पर्चेस्ड एएसी’ म्हणजे त्याच दुकानातून विकत घेतलेले गाणे. २००९ पासून तिथली विक्री कुलुपाविना होते, त्यामुळे ती फाइल दुसऱ्या प्लेअरवरही चालते. त्याआधीच्या खरेदीवर ‘प्रोटेक्टेड’ असा शेरा आणि एम४पी हे शेपूट असू शकते. ‘ॲपल म्युझिक एएसी’ असे दिसले तर ते वर्गणीचे गाणे आहे. त्याची फाइल डिस्कवर असली तरी ती आपली नाही.

‘क्लाउड स्टेटस’ या रकान्यात ‘मॅच्ड’ (जुळलेले), ‘अपलोडेड’ (वर चढलेले), ‘इनएलिजिबल’ (सेवेने न घेतलेले) अशा नोंदी दिसतात. त्यातल्या ‘इनएलिजिबल’ची एक स्मार्ट प्लेलिस्ट (दिलेल्या अटीनुसार आपोआप भरणारी यादी) ताबडतोब करावी, कारण वर सांगितलेला दुर्मीळ ऐवज नेमका तिथे जमा होतो. बॅकअपची सुरुवात याच यादीपासून करावी, असे मी सुचवेन.

अजून सेवा घेतलीच नसेल तर हे काम बरेच सोपे आहे, कारण तेव्हा यादीतले सगळे आपलेच असते.

दुसरी पायरी: मूळ संच

एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर ‘मूळ संच’ अशा अर्थाचे फोल्डर करून सर्व फाइल्स त्यात आणाव्यात. ही डिस्क फक्त कामापुरती संगणकाला जोडावी. म्युझिक ॲपच्या सेटिंग्जमध्ये ‘फाइल्स’ या विभागात, गाणे यादीत घेताना त्याची प्रत ॲपच्या स्वतःच्या फोल्डरात करण्याचा पर्याय असतो. तो चालू ठेवावा. जागा दुप्पट लागते म्हणून पुष्कळजण तो बंद करतात, पण मग ॲप थेट मूळ फाइलवर काम करू लागते: टॅग (फाइलमध्येच साठवलेली नाव, गायक अशी माहिती) बदलला तर मूळ फाइलमध्ये बदलतो, आणि गाणे काढताना चुकीच्या बटणावर बोट पडले तर मूळ फाइल कचरापेटीत जाते. जागेचा हिशेब फारसा भीतीदायक नाही. सीडीचा एक तास म्हणजे साधारण ६३५ एमबी, आणि फ्लॅक या लॉसलेस प्रकारात तो बहुधा ३०० ते ४०० एमबीवर येतो. पाचशे सीडींचा संग्रह दोनशे जीबीच्या आसपास बसतो. एक टीबीची डिस्क त्याला पुरून उरते.

मूळ संचासाठी फ्लॅक हा प्रकार मला सर्वांत योग्य वाटतो. त्यात ध्वनीचा कणही कमी होत नाही, तो कोणा एका कंपनीच्या मालकीचा नाही, आणि प्रत्येक फाइलमध्ये मूळ ध्वनीचा पडताळा-अंक आतच साठवलेला असल्यामुळे वर्षांनंतरही फाइल बिघडली आहे का, हे तपासता येते. शिवाय म्युझिक ॲप फ्लॅक फाइल यादीत घेतच नाही, त्यामुळे मूळ संचात त्याचा हात आपोआपच पोहोचत नाही. ॲपसाठी लागणारी प्रत फूबार२००० किंवा मॅकवरच्या एक्सएलडी या मोफत सॉफ्टवेअरने ॲपल लॉसलेसमध्ये करून घ्यावी. सीडी अजून घरात असतील तर विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी वापरून त्या नव्याने रिप कराव्यात, म्हणजे संगणकावर उतरवून घ्याव्यात. ओरखडे पडलेल्या सीडीचा भाग हे सॉफ्टवेअर पुन्हा पुन्हा वाचते आणि मिळालेले वाचन इतरांच्या नोंदींशी ताडून बरोबर आले की नाही ते सांगते. एमपी३ फाइलचे मात्र फ्लॅकमध्ये रूपांतर करू नये. त्यातून गेलेला ध्वनी परत येत नाही, केवळ फाइल फुगते. ती एमपी३ म्हणूनच ठेवावी.

कॅसेटच्या बाबतीत घाई करावी, कारण टेपपेक्षाही चांगल्या स्थितीतला डेक मिळणे दिवसेंदिवस अवघड होत आहे. डेकच्या ‘लाइन आउट’मधून संगणकाच्या ‘लाइन इन’मध्ये जोडणी करावी, माइकच्या खाचेत करू नये, ऑडॅसिटी या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये संपूर्ण बाजू सलग उतरवावी आणि ती न कापलेली फाइल मूळ संचात ठेवून मगच गाणी वेगळी करावीत. खरखर काढण्याचे प्रयोग प्रतीवर करावेत.

नावे आणि टॅग

संग्रह वाचवण्यात टॅगचा वाटा मोठा आहे, हे सहसा लक्षात येत नाही. ‘ट्रॅक ०३’ असे नाव असलेली फाइल डिस्कवर शाबूत असली तरी ती पुन्हा सापडत नाही, म्हणजे व्यवहारात ती हरवलेलीच असते. एमपी३टॅग किंवा म्युझिकब्रेन्झ पिकार्ड या सॉफ्टवेअरनी नाव, गायक, संगीतकार, अल्बम आणि वर्ष भरावे. रागाचे नाव, ताल, साथीदार, ध्वनिमुद्रणाचे स्थळ आणि दिनांक यांसाठी शेऱ्याचा रकाना वापरावा. अल्बमच्या जागी नुसते ‘लाइव्ह’ लिहिण्याऐवजी ‘सवाई गंधर्व महोत्सव, पुणे’ आणि वर्ष असे स्पष्ट लिहिले, तर दोन मैफलींची गल्लत आपलीही होत नाही.

देवनागरीच्या बाबतीत एक बारीक अडचण आहे. ‘वाऱ्यावर’ या शब्दातला अर्धा र संगणकावर दोन वेगळ्या रीतींनी लिहिला जातो. काही कळफलक ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरतात, तर काही साध्या ‘र’ला हलन्त लावून पुढे एक अदृश्य जोडखूण घालतात. पडद्यावर दोन्ही एकसारखे दिसतात, पण शोध घेताना एक लिहिले तर दुसरे सापडत नाही. त्यात जुनी मॅक डिस्क ‘ऱ’ची फोड करून ‘र’ आणि खालचा नुक्ता अशा दोन खुणा साठवते, त्यामुळे तेच फोल्डर विंडोजवर नेऊन तुलना केली की एकच फाइल दोनदा दिसू शकते किंवा बॅकअपचे सॉफ्टवेअर तिला नवी समजते. म्हणून फाइलींची आणि फोल्डरांची नावे रोमन लिपीत, साध्या अक्षरांत ठेवावीत आणि टॅग मात्र मनमोकळेपणाने देवनागरीत लिहावेत. एमपी३मध्ये आयडी३ या टॅग-पद्धतीची दुसरी पिढी, म्हणजे २.३ किंवा २.४, निवडावी, पहिल्या पिढीच्या टॅगमध्ये तीस अक्षरांचीच जागा असते आणि देवनागरी तिथे टिकत नाही.

टॅग नेहमी मूळ संचात सुधारावेत आणि सुधारलेली प्रत ॲपमध्ये न्यावी. उलट दिशेने काम सुरू केले की थोड्याच दिवसांत कोणती प्रत खरी, याचा पत्ता लागत नाही.

तिसरी पायरी: बॅकअप

सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. सिंकचे काम सगळीकडे एकसारखी स्थिती ठेवणे हे आहे. एका ठिकाणी गाणे पुसले गेले की सिंक ते सगळीकडून पुसते, आणि तसे करताना आपले काम चोख बजावत असते. बॅकअपमध्ये जुनी स्थिती परत मिळायला हवी.

जाणकार मंडळी तीन-दोन-एकचा नियम सांगतात: एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यांतली एक घराबाहेर. घरगुती संग्रहासाठी त्याचे रूप साधे आहे. मूळ संचाची एक डिस्क घरी, तिची प्रत असलेली दुसरी डिस्क दुसऱ्या गावी बहिणीकडे किंवा मित्राकडे, आणि तिसरी प्रत एखाद्या साध्या फाइल-साठवण सेवेवर. ही तिसरी सेवा गाण्यांची नसावी. फाइल जशी दिली तशीच परत देणारी असावी. पावसाळ्यात घरात पाणी शिरले, विजेच्या दाबाने जोडलेली उपकरणे जळाली किंवा चोरी झाली, तर एकाच कपाटातल्या दोन्ही डिस्क एकदमच जातात, म्हणून दुसऱ्या गावाचा आग्रह. डिस्क मॅक आणि विंडोज दोन्हींवर वाचता यावी यासाठी ती एक्सफॅट पद्धतीने तयार करावी. वर्षभर बंद ठेवायच्या प्रतीसाठी एसएसडीपेक्षा जुन्या धाटणीची फिरती हार्ड डिस्क बरी, कारण वीज न मिळालेल्या एसएसडीतली माहिती दीर्घकाळात विरू शकते.

मॅकवरच्या टाइम मशीन या बॅकअपच्या सोयीवर पूर्ण विसंबून राहू नये. जागा भरली की ते सर्वांत जुन्या नोंदी काढून टाकते; त्यामुळे दोन वर्षांपूर्वी नकळत गेलेले गाणे आज आठवले, तर ते तिथेही नसण्याची शक्यता असते. आरशासारखी हुबेहूब प्रत करणारी साधने वापरताना ‘पुसलेले तिकडूनही पुसा’ हा पर्याय बंद ठेवावा. आणि बॅकअप झाला असे मानण्याआधी त्यातून दहा-बारा फाइल्स दुसऱ्या संगणकावर उतरवून, सुरुवातीचे दोन सेकंद नव्हे तर मधला भागही वाजवून पाहावा. फूबार२०००मध्ये फाइल्सची अखंडता तपासण्याची सोय आहे. रात्री संपूर्ण संच निवडून ती लावून ठेवली की सकाळी बिघडलेल्या फाइल्सची यादी तयार असते.

चौथी पायरी: सेवा चालू करणे

इतके झाल्यावर सेवा निर्धास्तपणे चालू करता येते, तरी सगळा संग्रह एकदम झोकून देऊ नये. मॅकवर ऑप्शन कळ दाबून म्युझिक उघडले, किंवा विंडोजवर शिफ्ट कळ दाबून आयट्यून्स उघडले, तर नवी, रिकामी लायब्ररी तयार करता येते. तिच्यात निवडक गाणी घालावीत: एक मैफलीतले ध्वनिमुद्रण, त्याच रागाचे स्टुडिओतले ध्वनिमुद्रण, एक लांबलचक फाइल, एक हलक्या दर्जाची, एक देवनागरी टॅगची आणि एक सीडीवरून आलेली लॉसलेस. मग ‘सिंक लायब्ररी’ चालू करून फोनवर काय येते ते ऐकावे. मैफलीच्या जागी मैफलच वाजते का, आलाप मध्येच तुटत नाही ना, अल्बमचे चित्र बदलले का, हे पाहण्यात एक संध्याकाळ जाते आणि ती सत्कारणी लागते.

फोनवर ही सोय चालू करताना, आधीपासून फोनमध्ये असलेली गाणी ठेवायची की काढून लायब्ररी नव्याने भरायची, असा प्रश्न विचारला जातो. तिथे घाईने होकार देऊ नये. फोनमध्येच असलेले आणि संगणकावर नसलेले काही असेल तर ते आधी बाहेर काढावे. फोनवर जागा वाचवण्याचा पर्याय चालू असेल तर फार दिवस न ऐकलेली गाणी फोनमधून आपोआप काढली जातात; प्रवासात नेटवर्क नसताना त्याचा उलगडा होतो.

रोजच्या वापरात दोन आज्ञांतला फरक घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवावा. ‘रिमूव्ह डाउनलोड’ केवळ त्या उपकरणावरची प्रत काढते. ‘डिलीट फ्रॉम लायब्ररी’ मात्र गाणे खात्यातून, म्हणजे त्या खात्यावरच्या सगळ्या उपकरणांवरून घालवते. दोन्ही आज्ञा एकाच यादीत, एकमेकींजवळ असतात.

इतर सेवा

यूट्यूब म्युझिकमध्येही स्वतःच्या एक लाखापर्यंत फाइल्स चढवता येतात. त्यासाठी संगणकावरचा ब्राउझर लागतो आणि फ्लॅक, एमपी३, एम४ए, ओजीजी, डब्ल्यूएमए हे प्रकार चालतात. आपली गाणी आणि सेवेची गाणी तिथे वेगळ्या कप्प्यांत राहतात, हे मला ॲपलपेक्षा बरे वाटते. पण याच कंपनीची आधीची सेवा, गुगल प्ले म्युझिक, २०२० च्या अखेरीस बंद झाली आणि तिथे चढवलेली गाणी हलवण्यासाठी फेब्रुवारी २०२१ पर्यंतचीच मुदत होती. ज्यांनी कंपनीची त्याविषयीची पत्रे उघडली नाहीत, त्यांची चढवलेली गाणी गेली. स्पॉटिफाय स्वतःच्या फाइल्स ढगात घेतच नाही. संगणकावरच्या फाइल्स ते नुसते दाखवते आणि एकाच वायफायवरून फोनमध्ये उतरवू देते, त्यामुळे मूळ फाइलला धोका कमी आणि सोयही कमी.

भाड्याच्या गाण्यांचे काय होते, हे आपल्याकडे गेल्या काही वर्षांत पुरेसे दिसले आहे. फ्लिपकार्टचे ‘फ्लाइट’ हे गाण्यांचे दुकान २०१२ मध्ये उघडले आणि २०१३ च्या जूनमध्ये बंद झाले, पण तिथून घेतलेल्या एमपी३ फाइल्स ज्यांनी जपल्या त्यांच्याकडे त्या आजही वाजतात. रेसो ही स्ट्रीमिंग सेवा जानेवारी २०२४ च्या अखेरीस भारतातून गेली, विंक ही तशीच सेवा बंद होत असल्याची घोषणा त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये झाली. मार्च २०२४ मध्ये झी म्युझिक कंपनीशी करार न जुळल्यामुळे तिची गाणी स्पॉटिफायवरून निघाली आणि अनेकांच्या प्लेलिस्टमध्ये करड्या ओळी उरल्या. म्हणून प्लेलिस्टची यादीही अधूनमधून बाहेर काढावी. म्युझिक ॲपमधून ती निर्यात करता येते, स्पॉटिफायकडून खात्याची माहिती मागवता येते, आणि ट्यूनमायम्युझिक किंवा साउंडीझसारख्या सेवा यादी एका ठिकाणाहून दुसरीकडे नेतात. गाणी नव्हे, पण नावे तरी हातात राहतात. जे गाणे खरोखर जन्मभर हवे आहे, त्याची सीडी किंवा कुलुपाविना मिळणारे डाउनलोड विकत घ्यावे. स्ट्रीममधून फाइल काढून देणारी सॉफ्टवेअर वापरू नयेत. सेवांच्या अटी त्याला मनाई करतात, आणि भारतीय प्रताधिकार कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने आलेले ६५अ हे कलम अशी कुलुपे तोडण्याविषयीच आहे.

सेवा सोडताना

वर्गणी थांबवण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. ती चालू असतानाच ‘अपलोडेड’ आणि ‘मॅच्ड’ यांतली जी गाणी संगणकावर प्रत्यक्ष नाहीत, ती सगळी उतरवून घ्यावीत, कारण वर्गणी संपली की ती ढगातून मिळणे थांबते. यादी आणि प्लेलिस्ट निर्यात कराव्यात. त्यानंतर ‘काइंड’ या रकान्यात ‘ॲपल म्युझिक एएसी’ दिसणाऱ्या गाण्यांची नावे एका मजकुराच्या फाइलमध्ये उतरवावीत. ती जाणारच आहेत, पण त्यांतली कोणती विकत घ्यायची ते सवडीने ठरवता येते. मग ‘सिंक लायब्ररी’ बंद करावी, संगणकाचे इंटरनेट तोडावे, आणि ॲपच्या फोल्डरातल्या फाइल्स व्हीएलसीसारख्या दुसऱ्या प्लेअरमध्ये उघडून पाहाव्यात. तिथे जे वाजते ते आपले. मूळ संचात नसलेली एखादी फाइल सापडली तर ती तिथे हलवावी, दोन्ही बॅकअप प्रती अद्ययावत कराव्यात, आणि त्यानंतरच वर्गणी रद्द करण्याचे बटण दाबावे.